गाडी ऑइल खाते: हाफ इंजिन करायचं, तशीच चालवायची की काढून टाकायची?

आधी प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. वॅगन आर पेट्रोल, २००९ ची, १ लाख ४२ हजार किलोमीटर, पहिल्यापासून बाबांच्याच नावावर. आरसी २०२४ मध्ये पाच वर्षांसाठी रिन्यू झालेली. महिन्याला साधारण ५०० किलोमीटर, इंदूरमध्येच सुदामानगर ते राजवाडा, बाजारहाट, कधी उज्जैन कधी महेश्वर. सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धूर येतो, मिनिटभरात बंद होतो. दर दीड महिन्याला लिटरभर ऑइल टाकावं लागतं. मिस्त्रीने बोनेट उघडून ऐकलं आणि सरळ हाफ इंजिन (म्हणजे इंजिन उघडून पिस्टन-रिंगांचं काम) सांगितलं, ३८ हजार. कार बाजारवाला ६० हजार देतो म्हणतोय. आणि तुमचे शब्द, "गाडी तशी मस्त चालून राहिली आहे, एसी चांगला, टायर मागच्या वर्षी नवे टाकले, मग एवढे पैसे लावू का विकून टाकू, आणि तोवर ऑइल कोणतं टाकू."

मी आधी पीथमपूरला इंजिन असेंब्लीवर होतो, नंतर बरीच वर्षं इथेच गॅरेज चालवलं, त्यामुळे ही इंजिनं हातातून पुष्कळ गेलीत. पण तुमची गाडी मी बघितलेली नाही, तेव्हा जिथे गाडी बघितल्याशिवाय सांगता येत नाही तिथे तसं सांगतो.

तुम्ही विचारताय "रिपेअर करू का", पण मला वाटतं त्याच्या आधीचं एक पाऊल राहून गेलंय. ऑइल किती जातंय हे मोजलेलं नाही आणि कुठून जातंय हे कोणी तपासलेलं नाही. मिस्त्रीने आवाज ऐकून ३८ हजार सांगितले ते चूकच असतील असं नाही, कदाचित बरोबरही असतील, पण न मोजता इंजिन उघडणं म्हणजे घरात पाणी कुठून झिरपतंय ते न बघता सगळं प्लॅस्टर पाडायला घेणं. आणि जुन्या गाडीत एक गोष्ट डोक्यात पक्की हवी, की ऑइल जळण्याने इंजिन मरत नाही. ऑइल कमी पडल्याने मरतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तुमचा सगळा निर्णय या फरकावर उभा आहे.

मोजायचं कसं ते सांगतो, कारण दहातले आठ लोक चुकीचं मोजतात. गाडी सपाट जागी, दरवेळी त्याच जागी उभी करा, इंजिन गरम करून बंद करा, दहा मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं, मग डिपस्टिक काढून पुसा, परत घालून काढा आणि मग बघा. ओडोमीटरचा आकडा आणि काडीवर ऑइल कुठे आहे ते लिहून ठेवा. खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये बहुतेक छोट्या गाड्यांत लिटरभर किंवा त्याहून थोडं कमी मावतं. वरच्या खुणेपासून सुरू करा आणि हजार किलोमीटर होईपर्यंत लेव्हल वर ठेवायला एकूण किती टाकावं लागलं ते मोजा, अर्ध्या लिटरच्या मापाने टाका, डब्यातून अंदाजे ओतू नका.

आता यात एक गंमत आहे. पुष्कळ मिस्त्री "खाते ना, मग जरा जास्तच टाकून देतो" म्हणून वरच्या खुणेच्या पार वर भरतात. जास्त भरलं की क्रँक त्या ऑइलला घुसळते, फेस होतो, आणि ते ब्रीदरच्या (इंजिनमधले गॅसेस सोडणाऱ्या) पाइपातून इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या रस्त्यात, जाऊन जळतं. म्हणजे वरचं जास्तीचं अर्धा लिटर गाडीने तसंही खाल्लंच असतं, आणि मग तुम्ही म्हणता बघा किती लवकर कमी झालं. नुसती लेव्हल नीट ठेवली की ऑइल खाणं बऱ्यापैकी कमी झालं अशा गाड्या मी बघितल्यात.

तुमचा हिशोब खरा धरला तर ७५० किलोमीटरला लिटर. हे जास्त आहे, त्यात वाद नाही. काही कंपन्या हजार किलोमीटरला अर्ध्यापासून लिटरपर्यंत ऑइल जाणं सुद्धा मर्यादेत धरतात, हे ऐकून लोकांना धक्का बसतो, पण आहे तसं. माझा स्वतःचा ठोकताळा असा की जुन्या पेट्रोल गाडीत हजारला पाव लिटरपर्यंत मी लक्षही देत नाही, अर्ध्या लिटरला नजर ठेवतो, आणि लिटरच्या पुढे गेलं की कारण शोधायला बसतो. तुम्ही तिसऱ्या गटात आहात, पण अजून लगेच इंजिन उघडा असं म्हणण्याच्या गटात नाही.

पहिला शोध बाहेरचा. ऑइल जळतंय का गळतंय? रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा ठेवा, सकाळी बघा. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग या वयाच्या गाडीत कडक होऊन बसलेलं असतं, तिथून ऑइल मागच्या बाजूने उतरतं आणि गरम एग्झॉस्टवर पडून जळतं, म्हणजे जमिनीवर थेंब नाही, धूर मात्र आहे, वासही आहे, आणि सगळे म्हणतात इंजिन गेलं. मागचं क्रँक सील, ऑइल प्रेशर स्विच, ड्रेन प्लगचा वॉशर, ऑइल फिल्टरची जागा, हे सगळं एकदा धुऊन कोरडं करून दोन दिवस चालवून बॅटरीच्या उजेडात बघून घ्या. क्रँक सील सोडलं तर यातलं सगळं स्वस्त काम आहे. क्रँक सीलला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून ते क्लचच्या कामासोबत करतात.

दुसरा शोध पीसीव्ही व्हॉल्व्हचा. इंजिनमधले गॅसेस परत इनटेकला नेणारा हा छोटासा व्हॉल्व्ह, किंमत फार नसते, आणि इंदूरचे बहुतेक मिस्त्री त्याच्याकडे बघतच नाहीत. तो उघडा अडकला तर इनटेकचं व्हॅक्यूम सरळ ऑइलची वाफ ओढत राहतं, आणि बंद जाम झाला तर इंजिनमध्ये प्रेशर साठतं आणि जिथे सील कमजोर तिथून ऑइल बाहेर येतं. काढून हलवला तर खडखड वाजला पाहिजे. नाही वाजला तर बदला, छोटी ग्वालटोलीत सहज मिळतो, ओरिजिनलच घ्या, आणि त्याच्या रबरी नळ्याही बघा, पंधरा वर्षांत त्या फुगतात किंवा चिरतात. एअर फिल्टरच्या डब्यात ऑइलचा चिकटा दिसला तर ती पण खूणच आहे.

हे दोन्ही ठीक निघालं तर मग आत जायचं. आत ऑइल जाण्याचे दोन मोठे रस्ते, वरून व्हॉल्व्ह सीलमधून आणि खालून पिस्टनच्या रिंगांमधून. दोघांचं वागणं थोडं वेगळं असतं. व्हॉल्व्ह सील म्हणजे रबराची टोपी, गरमीने आणि वयाने कडक होते, मग गाडी रात्रभर उभी असताना ऑइल हळूहळू गाइडमधून (व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो ती) खाली उतरतं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला निळा भपका देऊन जळून जातं, मग दिवसभर काही नाही. तुम्ही जे लिहिलंय ते तंतोतंत हेच आहे. रिंगा गेल्या की धूर लोडवर येतो, म्हणजे चढावर किंवा तिसऱ्या गिअरमध्ये जोरात पिळली की मागे निळी रेघ, आणि ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनवर उघडलं की फकफक वाफा बाहेर येतात, ज्याला आपल्याकडे "बॅक कम्प्रेशन मारतंय" म्हणतात. थोडी वाफ कुठल्याही इंजिनला असते, त्याने घाबरू नका, झाकण वरच ठेवलं आणि ते उडायला लागलं तर मात्र विचार करा.

महेश्वरला जाता ना तुम्ही, तर एक चाचणी फुकटची आहे. मानपूरच्या पुढे पठारावरून खाली निमाडात उतरताना घाट गिअरमध्येच उतरा, पाय ॲक्सिलेटरवरून काढून, म्हणजे तसंही तसंच उतरायचं असतं, न्यूट्रलमध्ये कधीच नाही. अशा वेळी इनटेकला व्हॅक्यूम भरपूर तयार होतं आणि सील किंवा गाइड ढिले असतील तर ऑइल तिकडून ओढलं जातं. खाली सपाटीला लागलात की एकदा ॲक्सिलेटर द्या आणि मागच्या सीटवरच्याला मागे बघायला सांगा. मोठा निळा ढग निघून मग साफ झालं तर संशय वरच्या बाजूवर. अर्थात ऑइल रिंग फार ढिली असेल तर ती पण या वेळी ऑइल ओढते, म्हणून ही चाचणी कोर्टात चालण्यासारखी नाही, दिशा दाखवते एवढंच. आणि मागे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) असल्यामुळे थोडं जळणारं ऑइल धूर न दाखवताही जाऊ शकतं, त्यामुळे "धूर नाही म्हणजे जळत नाही" असं नसतं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, आणि पांढरा धूर गरम इंजिनवरही थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचं पॅकिंग), ते वेगळं प्रकरण.

मग चारही स्पार्क प्लग काढा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात ठेवून ओळीने मांडा. चारही सारखेच थोडे काळपट असतील तर वय झालंय, सील किंवा पीसीव्ही. एकच ओला तेलकट असेल तर त्याच सिलिंडरमध्ये काहीतरी झालंय, आणि ही बातमी वाईट आहे पण नेमकी आहे.

आता कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन किती प्रेशर तयार करतो ते मोजणं. हे केल्याशिवाय ३८ हजार कोणाच्या हातात द्यायचे नाहीत, एवढं माझं ऐका. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, इग्निशन कॉइलची वायर काढलेली, बॅटरी फुल, ॲक्सिलेटर पूर्ण दाबलेला, आणि मग गेज लावून चार-पाच फेरे स्टार्टर मारायचा. ॲक्सिलेटर न दाबता मोजलं तर आकडा कमीच येतो आणि मग तुम्हाला इंजिन संपलं म्हणून दाखवतात. मारुतीच्या या छोट्या पेट्रोल इंजिनांना नवं असताना साधारण १४ किलो (चौरस सेंटिमीटरला) असतं, ११-१२ च्या खाली गेलं की थकलं समजायचं, आणि चौघांत एक किलोपेक्षा जास्त फरक नको. कुठल्या सिलिंडरला कमी आलं तर त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं. आकडा चांगला वर आला तर रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीये किंवा गॅस्केट.

पण इथे एक फसवणूक होते आणि ती मिस्त्री करत नाही, इंजिन करतं. कम्प्रेशन उत्तम, चारही १३ च्या वर, आणि तरी गाडी लिटरने ऑइल खाते. कारण पिस्टनवर तीन रिंगा असतात, वरच्या दोन प्रेशर धरतात, तिसरी ऑइल खरवडून खाली पाठवते. ऑइल उशिरा बदललं, गाडी छोट्या छोट्या फेऱ्यांतच चालली, कधी एकदा रेडिएटर कोरडा पडून गरम झाली, की त्या तिसऱ्या रिंगेच्या फटीत कार्बन जमून ती पिस्टनला चिकटून बसते. वरच्या दोन ठीक, म्हणून गेजवर सगळं छान, आणि ऑइल मात्र वर जातच राहतं. तुमची गाडी सुदामानगर ते राजवाडा ट्रॅफिकमध्येच जास्त चालते, त्यामुळे हे होण्याची शक्यता चांगलीच आहे.

अशा चिकटलेल्या रिंगेवर एक उपाय मी इंजिन उघडण्याआधी करून बघतो. पिस्टन मध्यावर आणून प्लगच्या भोकातून कार्बन साफ करणारं केमिकल सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी प्लग न लावता स्टार्टर मारून ते सगळं बाहेर काढायचं (भोकांवर जुनं फडकं ठेवा नाहीतर अख्खं गॅरेज रंगतं, आणि आत थोडंही राहिलं तर इंजिन लॉक होऊ शकतं), मग प्लग लावून चालवायची, धूर भरपूर निघेल, आणि ऑइल-फिल्टर लगेच बदलायचा कारण बरंच केमिकल खाली उतरलेलं असतं. काही गाड्यांत फरक पडतो, काहींत शून्य. खर्च थोडा आहे म्हणून करून बघण्यासारखं आहे, पण कोणी गॅरंटी देत असेल तर देणाऱ्याकडे संशयाने बघा. ऑइलमध्ये टाकायच्या "धूर बंद" बाटल्यांबद्दल माझं मत चांगलं नाही, त्या बहुतेक ऑइल घट्ट करतात, विकायच्या आधी दोन दिवस धूर लपवायला लोक वापरतात. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी डिपस्टिकवरचं ऑइल बोटांत चोळून बघावं ते याचसाठी.

आता पैशाचं. वर्षाला ६ हजार किलोमीटर, ७५० ला लिटर, म्हणजे वर्षाला ८ लिटर. ४०० रुपये लिटर धरा, झाले ३,२०० रुपये. हाफ इंजिनचे ३८ हजार म्हणजे जवळजवळ बारा वर्षांचं ऑइल. आरसी २०२९ पर्यंत आहे, तेव्हा गाडी वीस वर्षांची होईल, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीची रिन्यूअल फी २०२५ मध्ये १० हजार केलेली आहे, म्हणजे त्या वेळी परत विचार करावाच लागेल. नुसत्या ऑइलच्या पैशावर बघितलं तर इंजिन उघडण्यात काहीच अर्थ नाही.

पण हिशोब एवढाच नाही. जळणारं ऑइल प्लग लवकर खराब करतं, ते फार नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सरवर हळूहळू थर बसतो, तो खर्च मोठा आहे. पीयूसीत एचसी (न जळलेलं हायड्रोकार्बन) वाढून येऊ शकतं. आणि सगळ्यात मोठा धोका म्हणजे लक्ष नसणं. या इंजिनात एकूण ऑइलच तीन-साडेतीन लिटर, त्यातलं दीड-दोन लिटर कुणाला न कळता गेलं आणि त्याच दिवशी उज्जैनला ऐंशी-नव्वदच्या स्पीडने निघालात तर वळणावर पंप हवा ओढतो, बेअरिंग सुकतं आणि मग हाफ नाही, फुल इंजिन. आणि कृपा करून तो लाल दिवा लेव्हलचा आहे असं समजू नका. तो प्रेशरचा आहे. तो लागतो तेव्हा खूप उशीर झालेला असतो. म्हणून खरा प्रश्न असा की घरात दर रविवारी काडी कोण बघणार? बाबा चालवतात आणि बाबांना वाकून बोनेट उघडायचं जमत नसेल, आणि तुम्ही पुण्या-मुंबईला असाल, तर "ऑइल टाकत चालवा" हा सल्ला मी देणार नाही, मग तो कितीही स्वस्त असो. घरात एक माणूस नेमाने बघणारा असेल तर बिनधास्त चालवा.

कार बाजारच्या ६० हजारांबद्दल. लोक म्हणतात "६० च्या गाडीला ३८ लावायचे?" हा हिशोबच उलटा आहे. ३८ लावले म्हणून गाडी ९८ ची होणार नाही, ती ६०-६५ चीच राहील, बाजार इंजिन बघत नाही, वर्ष बघतो. तुलना करायची ती अशी, की ही विकून ६० आले, त्यात दोन लाख घातले तर दुसरी सेकंडहँड येईल, ती कोणी कशी वापरली तुम्हाला माहीत नाही, आणि तिला पहिल्या वर्षात टायर, बॅटरी, सस्पेन्शन लागणार नाही याची खात्री कोण देतो. तुमच्या गाडीची कुंडली तुम्हाला माहीत आहे. टायर नवे, एसी चालू. माझा कौल गाडी ठेवण्याकडे आहे, एका अटीवर, की खालून बॉडी बघून घ्या. रॅम्पवर चढवून फ्लोअर, साइड सिल (दरवाज्यांखालची पट्टी) आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला लागतं त्या जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. तिथे गंज आरपार असेल तर इंजिनवर एक रुपया लावू नका. इंजिन बदलता येतं, गंजलेली बॉडी नाही.

समजा तपासणीत सील निघाले. हे सोळा व्हॉल्व्हचं इंजिन आहे, म्हणजे सोळा सील. सिलिंडरमध्ये कम्प्रेसरची हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून, हेड न उतरवताही ते बदलता येतात, पण तसं करणारे कमी, बहुतेक जण हेड खोलतात. खोललंच तर मग गाइडमधली ढिलाई बघा, कारण ढिल्या गाइडवर नवं सील फार टिकत नाही, व्हॉल्व्ह लॅप करून घ्या, हेडचा फेस तपासा, गॅस्केट ओरिजिनल, आणि टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप यांचं वय झालं असेल तर त्याच मजुरीत उरकून घ्या. हे हाफ इंजिनच्या बऱ्याच खाली बसतं आणि तुमच्या लक्षणांवरून मला याचीच आशा जास्त वाटते.

समजा रिंगा निघाल्या. मग एक तर तसंच चालवा, नाहीतर पूर्ण करा. मधलं, म्हणजे "बोअर ठीक आहे, फक्त रिंगा टाकून देतो" हे काम मला सगळ्यात महाग वाटतं, कारण पैसे जातात आणि वर्षभरात धूर परत. झिजलेला बोअर वरच्या बाजूला जास्त झिजतो आणि खाली कमी, अगदी वरच्या कडेला नखाला लागेल असा उंचवटा राहतो, नवी रिंग त्यावर आपटून तुटूही शकते. म्हणून हेड खोलल्यावर लेथवाल्याकडून बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांना माप घ्या, समोर उभं राहून. फरक ०.१० मिलिमीटरच्या पुढे असेल तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन. आत असेल तर बोअर न करता होनिंग करून, तिरप्या जाळीच्या रेघा आणून रिंगा बसवता येतात, मी त्याला अर्धवट काम म्हणत नाही, ते माप घेऊन केलेलं काम आहे. नुसता पॉलिश पेपर हाताने फिरवून दिलेला बोअर मात्र नको.

मिस्त्रीला ३८ हजारांत काय काय ते कागदावर लिहून मागा. पिस्टन कुठल्या कंपनीचे, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सेट, सील, बोअरिंगचे पैसे, हेडचं काम, ऑइल पंप बघणार का, बेल्ट धरलाय का, जुने पार्ट परत देणार का. चांगला मिस्त्री यावर चिडत नाही. चिडला तर तुमचे पैसे वाचले. आणि "दुसरं इंजिन बसवून देतो" अशी ऑफर आली तर ते इंजिन कुठल्या गाडीचं, कागद आहेत का, हे आधी. आरसीवर इंजिन नंबर असतो, तो बदलला की आरटीओत नोंद करावी लागते, आणि बिनकागदाचं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर ऑइलचा प्रश्न बाजूला राहतो. काम पूर्ण झालं तर पहिले हजार किलोमीटर एकाच स्पीडने लांब चालवू नका, नुसती उभी चालू ठेवू नका, आणि हजारला ऑइल-फिल्टर बदला. त्या काळात थोडं ऑइल जाईल, रिंगा बसायला वेळ घेतात.

समजा बॉडीच गेलेली निघाली आणि काढायचं ठरलं, तर गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. सरकारमान्य स्क्रॅप सेंटरला दिली तर सर्टिफिकेट मिळतं, आरसी रीतसर रद्द होते, आणि नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये राज्याच्या नियमाप्रमाणे २५ टक्क्यांपर्यंत सूट असते. चालती विकली तर नाव ट्रान्सफर झालेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत पाठपुरावा करा, आणि ऑइल खाते हे सांगून विका.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा लावा. या आठवड्यात पुठ्ठा आणि पीसीव्ही. मग लेव्हल बरोबर ठेवून दोन हजार किलोमीटर मोजणी, म्हणजे तुमच्या चालवण्याने चार महिने. त्या मध्ये कधीतरी प्लग आणि कम्प्रेशन. आकडा हजारला अर्ध्या लिटरवर आला तर इंजिन विसरून जा. लिटरभरच राहिला आणि वाढत नसेल, तर काडी बघणारा माणूस घरात आहे की नाही यावर ठरवा. महिन्यागणिक वाढतच गेला, किंवा एका सिलिंडरचं कम्प्रेशन पडलेलं निघालं, तर हेड खोला, आधी नाही.

राहिलं तोवर ऑइल कोणतं. महागडं सिंथेटिक नको, ते जळायलाच जाणार. सध्या २०-४० (डब्यावर 20W-40 असं लिहिलेला ग्रेड) चालू असेल तर एकदा २०-५० टाकून बघा, साधं मिनरल, नावाजलेल्या कंपनीचं, आणि दुकान ओळखीचं असू द्या कारण डुप्लिकेट डबे बाजारात भरपूर आहेत. घट्ट ऑइल गरमीत थोडं कमी जातं, उन्हाळ्यात फरक दिसेल. डिसेंबर-जानेवारीत सकाळी स्टार्टिंग जड वाटलं किंवा टॅपेटचा आवाज जास्त वेळ आला तर परत २०-४० वर या. टॉपअप करतोय म्हणजे ऑइल आपोआप नवं होतंय असं म्हणून बदलायचं टाळू नका, जुना काळा गाळ खालीच असतो, पाच हजारला किंवा वर्षाला एकदा पूर्ण काढून फिल्टरसकट बदला. आणि एक लिटरचा डबा डिकीत, त्यासोबत एक फनेल आणि जुनं फडकं, म्हणजे महेश्वरच्या रस्त्यात धामनोदला चहाला थांबलात की काडी बघून घेता येईल, पण चहा आधी, दहा मिनिटं इंजिन थांबू द्यायचंय.